भेज्याला अहो म्हणणाऱ्या मॅडम

नळदुर्गच्या कॉलेजात बारावीला आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्या बोकडाच्या भेज्याला अहो-जाहो करायच्या. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. पांढऱ्या ट्रेमध्ये भेजा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे मोठा मेंदू. मागं बसलेत ते लहान मेंदू. यांना हात लावायचा तो झोपलेल्या माणसाला लावतो तसा." प्रिन्सिपल सर त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यांना त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर "अरे, इकडं ये" म्हणायच्या. वयानं मोठी माणसं सोडली, तर मॅडमचं 'तुम्ही' फक्त भेज्यासाठी राखून ठेवलेलं होतं.

माझं आता नळदुर्गातच स्टँडजवळ औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक कधी कधी विचारतं, ताई, तुम्हाला एवढं बारीकसारीक कसं माहीत? मी म्हणते, मी मॅडमच्या हाताखालची आहे. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, असं माझा नवरा म्हणतो. होऊ दे. त्याला शिकवायला असं कुणी नव्हतं, त्याला मी काय करणार?

आमच्या जिल्ह्याची काळी शेळी मुलुखभर प्रसिद्ध. कुणी तिला मटणासाठी नावाजतं, कुणी जुळ्या करडांसाठी. मॅडम तिला मेंदूसाठी नावाजायच्या. "आपली शेळी आणि आपण एकाच कारागिराच्या हातचे. माप वेगळं, साचा तोच." हे वाक्य त्यांनी वर्षभरात इतक्या वेळा म्हटलं, की पोरं त्यांच्या मागं तेच म्हणून एकमेकांना शेळी म्हणायची.

स्वतः मॅडम पक्क्या शाकाहारी. आईशी घरात कानडी बोलायच्या, आणि त्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी सकाळी मटणाच्या दुकानापुढं पहिला नंबर मॅडमचा. नाकाला पदर, हातात स्टीलचा डबा. दुकानाचे चाचा त्यांच्यासाठी मुंडी बाजूला काढून ठेवायचे. "मॅडम, साबूत रखा मैं. एक घाव भी नै लगने दिया." मॅडम डोळे बारीक करून ती मुंडी फिरवून फिरवून बघायच्या. चाचा बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "तुम लोगां तो खा के भूल जातें. मॅडम सालभर याद रखतीं."

स्टाफरूममध्ये मॅडमचा जेवणाचा डबा आणि भेज्याचा डबा एकाच घडणीचे होते. वीस-बावीस मास्तर एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवायचे, पण मॅडमच्या डब्याकडं कुणी फिरकत नसे. त्या निवांत जेवायच्या. मला वाटतं, ते डबे त्यांनी मुद्दामच सारखे घेतले होते.

हायवेवरच्या ढाब्यांवर तर त्यांची दहशतच होती. नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात आणि त्या ट्रकांच्या मधून आमची पोरं उघड्या डोक्यानं गाड्या पळवतात. मॅडम स्कूटी आडवी लावून पोराला थांबवायच्या. त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या. "आत काय आहे माहीत आहे?" पोरगं गोंधळायचं. मग डिकीतून डबा निघायचा आणि झाकण उघडायचं. "बघ. ताजं लोणी एवढंच मऊ असतं. हे असं डोक्यात ठेवून तू ट्रकच्या पुढं घुसतोस व्हय रे?" चहा पिणारे ड्रायव्हर कप खाली ठेवायचे. त्या पोरांपैकी किती जणांनी हेल्मेट घेतलं मला माहीत नाही. पण मॅडमची स्कूटी दिसली की आडरस्त्याला लागणारी पोरं मी स्वतः बघितलीत.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा तास माझ्या डोळ्यांपुढं अजून जसाच्या तसा आहे. मॅडम प्रयोगशाळेत मळलेली कणीक, पोळपाट, लाटणं आणि सारण घेऊन आल्या. पोरी हसल्या, पोरं जास्त हसली. मग मॅडमनी पोरांनाच लाटायला बसवलं.

"गर्भ तिळाएवढा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर एक पट्टी असते. सपाट, या पुरीसारखी. मग तिच्या कडा उचलल्या जातात." त्यांनी पुरीच्या दोन्ही कडा उचलल्या. "कडा एकमेकींकडं येतात. मानेजवळ पहिल्यांदा चिकटतात. तिथनं वर डोक्याकडं आणि खाली शेपटीकडं मुरड पडत जाते. वरचं टोक फुगतं, तो मेंदू. खालचं लांबतं, तो मज्जारज्जू. शेळीत असंच, उंदरात असंच, तुझ्यात पण असंच. आणि हे सगळं कधी? बाईला पाळी चुकली का काय अशी शंका येते न येते, तेवढ्यात."

पोरांनी माना खाली घातल्या.

"मान वर. तुम्ही सगळे असेच झालात."

मग त्यांनी एका करंजीचं खालचं टोक मुद्दाम उघडं ठेवलं आणि ती बर्नरवरच्या कढईत सोडली. सारण बाहेर आलं, तेल तडतडलं, पुढच्या बाकावरचे मागं पळाले. "मुरड राहिली की आतलं बाहेर येतं," मॅडम म्हणाल्या. "यात तळणाऱ्याचा दोष नसतो, हे लक्षात ठेवा. सटवाई पाचवीला कपाळावर लिहिते म्हणतात ना? पाठीवरचं त्याच्या कितीतरी आधी लिहून झालेलं असतं."

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती टोपणाची. मॅडम अंबाड्यात पेन खोचायच्या. त्या पेनाचं निळं टोपण काढून एखाद्याच्या उघड्या तळपायावरनं टाचेपासून वर ओढायच्या. पायाची बोटं हलायची. "हे आपोआप. याला वर विचारावं लागत नाही, पाठीतल्या पाठीतच निकाल." मग म्हणायच्या, "आता तू हलव." हलवलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "हे हुकमानं. हुकूम डोक्यातून निघाला. मान, पाठ, कंबर, मांडी, सगळ्या चौक्या ओलांडून अंगठ्याला पोचला. केवढा प्रवास झाला, अव्वा. आणि तू नुसती हसतेस." लाडात आल्या की त्या आम्हा पोरींना कानडीतलं अव्वा म्हणायच्या.

त्याच हिवाळ्यात माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर माकणीचं. आमचं गाव नळदुर्गपासून आतल्या अंगाला. घरात शेळ्या, थोडं रान आणि शेळ्यांपुढं रानाची काही किंमत नाही असं मानणारे आबा. आबा म्हणजे माझे आजोबा. आजूबाजूच्या गावांत शेळीचं काही अडलं की लोक आबांकडं यायचे. अडलेलं करडू सोडवणं, मोडलेला पाय बांधणं, गळू फोडणं, सगळं आबांच्या हातचं. त्यांच्या हाताला गुण होता, आणि तो मी नाकारणार नाही.

ताईला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. गोरीपान, भरपूर जावळ. पण कमरेवर, अगदी मणक्याच्या मधोमध, लिंबाएवढी फुगवटी. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सोलापूरला न्यायला सांगितलं, चिठ्ठीही दिली. पण ताईची सासू पाचवीला माकणीहून यायची होती. घरच्यांनी ठरवलं, पाचवी होऊ दे, मग बघू. आणि बाळ घरी आल्यावर आबांनी ते बघितलं.

"गळू हाय," आबा म्हणाले. "पाचवीच्या सकाळी फोडतो. हळद भरली की दोन दिसांत बसंल."

मला तापलेल्या कढईतली ती करंजी आठवली. मी म्हणाले, आबा, हे गळू न्हाय, ही मुरड राहिलीय. आबा हसले. बारावीच्या पोरीचं आमच्या घरात कुणी ऐकलं असतं, तर ते घरच वेगळं झालं असतं. पाचवीच्या सकाळी ताईची सासू आली. तिनं बाळाची पाठ बघितली आणि ताईला ग्रहणाचं एवढंच विचारलं, "गिराणात काय चिरलीस?" ताई भिंतीकडं तोंड करून पडली. बाहेर आबांनी पोती शिवायचं दाभण धुतलं होतं आणि चुलीवर धरलं होतं.

मी परसात जाऊन मॅडमना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पालथी ठेवलीय का? कुणी फोडलं तर नाही ना? मग म्हणाल्या, मी येते, तोवर हात लावू देऊ नको. मी आत गेले आणि बाळाच्या पुढं बसून राहिले. आबांनी दाभण घेऊन आत पाऊल टाकलं तेव्हा मी म्हणाले, "आबा, मॅडम येतायत. त्यांच्यासमोर फोडा." आबांना ते आवडलं नाही, पण पाहुणा येतोय म्हटल्यावर ते थांबले.

मॅडम हेल्मेटसकट घरात शिरल्या. बाळ बघितलं, स्वच्छ कापड उकळून आणायला सांगितलं, आणि मग हेल्मेट काढून सरळ अंगणात आबांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मला वाटलं होतं, आता त्या रागावतील. त्यांचा राग मला माहीत होता. पण त्या शेळ्यांकडं बघत होत्या.

"आबा, तुमच्या हातनं किती करडं सुटली असतील?"

"मोजली न्हाईत."

"त्यात कमरेवर अशी पिशवी असलेलं एखादं?"

आबांनी अंगणातल्या शेळ्यांवरनं नजर फिरवली. "एक व्हतं. लई वर्सं झाली. मागचे पाय वढायचं."

"मग?"

"म्या फोडलं."

"काय निघालं आबा? पू?"

आबा हातातल्या दाभणाकडं बघायला लागले. ते फार हळू बोलले. "न्हाय. पाणी निघालं. निव्वळ पाणी."

"आणि करडू?"

"दुसऱ्या दिशी गेलं. म्या म्हटलं, वारं लागलं."

"वारं नव्हतं, आबा. ते पाणी मेंदूभोवती असतं, पाठीतून खाली येतं. सगळं एकच. फोडलं की बाहेरची घाण थेट डोक्यापर्यंत जाते. आणि त्या पिशवीत पायांच्या नसा असतात. शेळीत आणि आपल्यात साचा एकच, आबा. ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

आबा उठले. दाभण त्यांनी चुलीच्या राखेत पार मुठीपर्यंत खुपसलं आणि हात धोतराला पुसले. "गाडी सांगतो," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या दिवशी मला माझ्या आबांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्यांनी वाचवलेल्या सगळ्या शेळ्यांमुळंसुद्धा कधी वाटला नव्हता.

मॅडम आत आल्या. ताईच्या सासूला म्हणाल्या, "ग्रहण कितव्या महिन्यात लागलं होतं?"

"सातव्या."

"आणि पाठीची ही मुरड पडते पहिल्या महिन्यात. दिवस गेलेत हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, हिलाही नव्हतं. मग सातव्यात हिनं काही चिरलं असलं, नसलं, त्याचा इथं संबंध काय?"

"मग कुणामुळं झालं?"

"कुणामुळंच नाही. मुरड राहिली."

ताईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. सासू आल्यापासून पहिल्यांदा तिनं माणसांकडं बघितलं. कुणाच्या तरी अंगावरचं एवढं मोठं ओझं एवढ्याशा वाक्यानं उतरताना मी त्यानंतर बघितलेलं नाही. सासू मात्र लगेच हरणारी नव्हती. "आज पाचवी हाय, मॅडम. सटवाई येनार, पोर घरात नगं का?"

"सटवाईला सोलापूरचा पत्ता सांगून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या हॉस्पिटलात तिचं जाणं-येणं असतंच."

निघण्याआधी त्यांनी अंबाड्यातलं पेन काढलं आणि टोपण बाळाच्या उजव्या तळव्यावरनं ओढलं. इवलीशी बोटं पसरली. डाव्या तळव्यावरनं ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. "एक बाजू जागी आहे," त्या म्हणाल्या. दुसरीबद्दल काही बोलल्या नाहीत. बाजाराला शेळ्या नेणाऱ्या पिकअपमध्ये पुढं मॅडम आणि आबा बसले, मागं ताई आणि मी. आबांनी बाळ पालथं आपल्या हातावर घेतलं होतं, नुकतं जन्मलेलं करडू घेतात तसं, आणि सोलापूरपर्यंत तो हात त्यांनी हलवला नाही.

ऑपरेशन झालं. पोर वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा पाय चालेल, डाव्याचं गुडघ्याखालचं काही सांगता येत नाही. व्यायाम करा, पट्ट्याचा बूट घाला. ताईच्या सासूनं पोरीचं नाव मॅडमना ठेवायला सांगितलं. मॅडमनी ठेवलं नाही. म्हणाल्या, माझ्या डोक्यात आली तर मेंदूच्या भागांचीच नावं येतील.

मॅडमचा तो जगप्रसिद्ध आहेर सुरू झाला तो त्यानंतर. कुणाचंही लग्न असो, मॅडम नवरीला खण, नारळ आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची पाकिटं द्यायच्या. माझ्या लग्नात आहेर पुकारणाऱ्यानं माईकवर सांगून टाकलं, "कॉलेजच्या मॅडमकडून नवरीला खण, नारळ आणि गोळ्या." नवऱ्याचे चुलते उठून उभे राहिले. हळद निघायच्या आत पोरं न व्हायच्या गोळ्या म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी माईक काढून घेतला.

"या पोर न व्हायच्या नाहीत, पोर धड व्हायच्या आहेत. डॉक्टरांना विचारून, दिवस जायच्या आधीपासून घ्यायच्या. घेतल्या म्हणजे खात्री झाली असं नाही, पण धोका लई कमी होतो. नंतर पळापळ करून उपयोग नाही. करंजी कढईत गेल्यावर मुरड घालता येत नाही." आणि चुलत्यांकडं वळून, "बसा तुम्ही. जेवणं व्हायचीत."

आता ती पाकिटं माझ्याच दुकानातून जातात. आणि एक जादा गिऱ्हाईक वाढलंय, आबा. गावात कुणाचं लग्न ठरलं की काठी टेकत येतात. "मॅडमच्या त्या गोळ्या दे. दाक्तरला इचारून घ्या म्हनून सांगतो, भिऊ नगं." शेळ्यांचा डॉक्टर नवऱ्या मुलींच्या घरी गोळ्या पोचवतो, यावर गाव हसतं. हसलं तरी घेतं.

दर दिवाळीला मॅडम घरी यायच्या. भाची तेव्हा आमच्याकडं असायची. ती पट्ट्याचा बूट घालून, डावा पाय थोडा फेकत, पण आपली आपण चालायची. शेळ्यांच्या मागं आबांबरोबर फिरायची. आबा तिच्या डाव्या पावलाला रोज तेल लावून, डॉक्टरांनी शिकवले तसे व्यायाम करून घ्यायचे. मॅडम आल्या की पाय धुवायच्या, चहा घ्यायच्या, मग टोपण निघायचं. उजवा हलायचा. डावा नाही. "आता तू हलव," त्या डाव्या पायाकडं बघून म्हणायच्या. पोर ओठ दाबून, कपाळाला आठ्या घालून जोर लावायची. अंगठा ढिम्म. हलेल हो, असं खोटं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. "पुढच्या वेळी बघू," एवढंच म्हणून टोपण पेनाला लावायच्या. त्या गेल्यावर पोर एकटीच शेळ्यांमागं जाऊन बसायची. मला त्या टोपणाचा रागही यायचा, खरं सांगते.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. कॉलेजच्या मैदानात मांडव, स्टेज, जुने विद्यार्थी, पहिल्या रांगेत मटणाच्या दुकानाचे चाचा आणि शेजारी आमचे आबा. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. एवढे हार पडले की मॅडमनी त्यात अडकणारा चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी माझी भाची करंज्यांचा डबा घेऊन निघाली. तेव्हा ती शाळेत पाचवीला होती. स्टेजच्या पायऱ्या उंच होत्या. कुणीतरी हात द्यायला पुढं झालं, तिनं मानेनंच नको म्हटलं. उजवा पाय वर, डावा ओढून त्याच्या शेजारी. आबा खुर्चीवरून अर्धे उठले होते. ती वर पोचली तेव्हाच ते टेकले.

"मुरड मी घातलीय," तिनं डबा देत मॅडमना सांगितलं. "एक पण सुटली न्हाय."

मॅडमनी डबा प्रिन्सिपल सरांच्या हातात दिला, धर रे म्हणाल्या, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर स्टेजवर खाली बसल्या. पोरीला खुर्चीत बसवलं. डाव्या पायाचा बूट काढला, पट्टे सोडले, मोजा काढला. पांढऱ्या अंबाड्यातून पेन काढलं. सरांनी काळजीनं आधी माझ्याकडं, मग पाहुण्यांकडं बघितलं.

टोपण तळव्याकडं गेलं आणि डावा अंगठा हलला. थोडाच, पण हलला. पहिल्या रांगेतून आम्ही बघितला.

"हललं," मॅडम म्हणाल्या. वर लावलेल्या माईकनं ते सगळ्यांना सांगितलं. "आपोआप का होईना, पण हललं."

पोरगी खुर्चीतून पुढं वाकली. "आपोआप न्हाय, मॅडम. तुमचं टोपण अजून टेकलंच न्हवतं. म्या हलवलं. रोज शेळ्यांमागं बसून हलवून बघत होते. आबाला पण सांगितलं न्हाय."

मॅडमनी हात लांबवून टेबलावरचा चष्मा घेतला आणि घातला. टोपण पेनाला लावून पेन बाजूला ठेवलं. मग त्यांनी ते एवढंसं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि ज्या आवाजात त्या फक्त ट्रेमधल्या मेंदूशी बोलायच्या, त्या आवाजात माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला म्हणाल्या,

"तुम्ही हलवलंत? पुन्हा हलवा बघू."

तिनं पुन्हा हलवलं.